मागेल त्याला काम : वि. स. पागे यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका उत्तरात जुन्या पाझर तलावाचा विषय निघाला होता. त्या ओघात, रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना ज्यांची, त्या विठ्ठल सखाराम पागे यांचे नाव एका वाक्यात येऊन गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळी दुसरा विषय घेण्याची गरज उरली नाही. पत्रे बरीच लांब होती, म्हणून त्यांतील प्रश्न तेवढे थोडक्यात देत आहे.

प्रश्न : आमचे गाव तासगाव तालुक्यात आहे. पागेसाहेबांच्या स्मरणार्थ काही करावे असे ग्रामपंचायतीने ठरवले आहे आणि अर्धपुतळा, वेशीवर कमान व व्याख्यान अशा तीन सूचना आल्या आहेत. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. आठवीच्या वर्गात फळ्यावर ‘रोजगार हमी योजनेचे जनक’ असे लिहिले, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, हमी म्हणजे काय? काम मिळालंच नाही तर?” मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते आपण द्यावे, आणि स्मारकाबद्दलही मत कळवावे. (एक शिक्षक, जि. सांगली)

उत्तर : मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून आधी तिचा प्रश्न घेतो. स्मारकाकडे शेवटी येऊ.

दुष्काळ पडला की सरकारने कामे काढायची, ही आपल्याकडे जुनीच रीत होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची दैना झाल्यानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि अशा कामांचे रीतसर नियम तयार झाले. रस्ते, तलाव, खडी फोडणे ही कामे तेव्हापासून निघत आली. परंतु त्यासाठी आधी आणेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, लागायची, मग दुष्काळ जाहीर व्हायचा, मग वरून मंजुरी यायची. पाऊस पडला की काम बंद व्हायचे, मग मजुराच्या घरात दाणा असो वा नसो. काम सुरू कधी करायचे आणि थांबवायचे कधी, हे सरकार ठरवी, आणि आपल्याला कामाची गरज आहे असे मजुराने येऊन सांगणे हे काम सुरू होण्यास पुरेसे कारण कधीच मानले गेले नव्हते.

पागे यांनी हा क्रम उलटा केला. दुष्काळ असो वा नसो, खेड्यातल्या ज्या प्रौढ स्त्री-पुरुषाची अंगमेहनत करण्याची तयारी आहे, त्याने काम मागितले की ते देणे सरकारवर बंधनकारक असले पाहिजे, एवढीच ती कल्पना. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे गावोगाव पोचलेले रूप. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे पाळावयाच्या गोष्टींत. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ या कायद्याने त्याला व्यवहाराचे रूप दिले. नाव नोंदवायचे, काम हवे असल्याचा अर्ज द्यायचा, अर्जाची पोच घ्यायची, आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागायचा. बदल्यात मजुरानेही एक गोष्ट मान्य करायची : काम कोणत्या प्रकारचे असावे, हे ठरवण्याचा आग्रह त्याला धरता येत नव्हता. शक्यतो पंचायत समितीच्या हद्दीत काम द्यायचे, पण जिल्ह्यात अन्यत्र निघाले तर तेथे जायचे.

मुलीला सांगताना किराणा दुकानाच्या वहीचा दाखला द्या. दुकानदार उधारी लिहून ठेवतो आणि ती फिटेपर्यंत वहीत राहते. ‘हमी’ म्हणजे अशीच वही, फक्त येथे देणेकरी सरकार आणि घेणेकरी तिच्या गावातला मजूर. काम मिळाले नाही तर देणे अंगावर राहते, आणि ‘पोच’ हा त्या देण्याचा कागद.

आता माणसाविषयी. पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी येथे झाला. कायद्याचे शिक्षण, स्वातंत्र्यचळवळ, काँग्रेसचे काम या वाटेने ते विधिमंडळात आले आणि १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतिपदाचा मान मोठा असला तरी त्याच्याकडे खाते नसते, निधी नसतो, आणि ज्याच्या टेबलावर धोरणाची फाइल यावी असा अधिकारही नसतो. त्यामुळे १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे आपली कल्पना लिहून पाठवणे, आणि ती तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात करून पाहावी असा आग्रह धरणे, एवढेच त्यांच्या हाती होते. ते त्यांनी केले, आणि नंतर पिच्छा सोडला नाही.

विसापूरच का, याचे उत्तर आपल्यासारख्या तासगावकराला सांगायला नको. आज तासगाव म्हटले की द्राक्षबागा आणि बेदाण्याचे सौदे आठवतात. त्या काळी याच तालुक्याचा मोठा भाग पावसाच्या भरवशावरचा कोरडवाहू मुलूख होता आणि सुगी संपली की भूमिहीन माणसाच्या हाताला पुढच्या पेरणीपर्यंत काम नसे. परिषदेच्या सभागृहात राज्याची आकडेवारी रोज कानांवर पडत असणाऱ्या माणसाने आपल्या ओळखीच्या शिवारापासून सुरुवात केली, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. अनेक योजना मुंबईत ठरतात आणि गावात येतात. ही गावातून मुंबईला गेली आणि कायदा होऊन परत आली.

प्रश्न : मी रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, कामांवर कनिष्ठ अभियंता म्हणून बरीच वर्षे काढली. आमच्या पिढीत ही योजना १९७२ च्या दुष्काळातून जन्मली असेच सांगितले जाई. मग एकाच व्यक्तीला ‘जनक’ म्हणणे कितपत योग्य आहे? (एक निवृत्त अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपला आक्षेप अर्धा मान्य आहे. क्रम पाहिला म्हणजे कोणाचे किती, ते उलगडते.

तासगावचा प्रयोग १९६५ चा, म्हणजे दुष्काळाच्या आधी सात वर्षे. १९७२ साली योजना राज्याने स्वीकारली, तोवर सलग अपुऱ्या पावसाने राज्य कोलमडले होते आणि दुष्काळी कामे इतक्या मोठ्या प्रमाणावर काढावी लागली की ही लहान योजना त्यांत बुडून गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमी योजना स्वतंत्रपणे पुन्हा सुरू झाली ती १९७४ मध्ये, कायदा संमत झाला १९७७ मध्ये, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी.

तेव्हा दुष्काळाने काय केले? एवढ्या लोकांना एकाच वेळी काम देता येते, हजेरीपट चालवता येतात, मोजमापे घेता येतात आणि पगार वाटता येतो, हे यंत्रणेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. त्याआधी पागे यांची कल्पना भाबडी म्हणून बाजूला सारणे सोपे होते. त्यानंतर तसे म्हणण्याची सोय उरली नाही. दुष्काळात मोर्चे काढणारे डावे पक्ष, समाजवादी, शेतमजुरांच्या संघटना, मृणाल गोरे आणि दत्ता देशमुख यांच्यासारखे नेते, आणि दारिद्र्याच्या प्रश्नावर सार्वजनिक कामांचा उपाय सुचवणारे वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ यांचा वाटाही या कायद्यात आहे. वेगवेगळ्या पक्षांची सरकारे बदलत असताना कायदा टिकला, याचे श्रेय विधिमंडळातील सर्व बाजूंना द्यावे लागेल.

तरीही ‘जनक’ हा शब्द मला चुकीचा वाटत नाही. दुष्काळाने काम देण्याची ताकद सिद्ध केली, परंतु दुष्काळ नसतानाही काम देणे लागते, हा विचार दुष्काळातून येऊ शकत नव्हता. तो आधीच कोणीतरी लिहून ठेवलेला होता.

आपण अभियंता आहात म्हणून एक व्यावहारिक बाब जोडतो, जी भाषणांत येत नाही. मजुराने मागितले की पंधरा दिवसांत काम द्यायचे, तर काम आधीच आखलेले, मोजलेले आणि मंजूर असले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात ‘शेल्फवर’ पुरेशी कामे तयार ठेवण्याची पद्धत आली, अकुशल मजुरीवर निदान ६० टक्के आणि साहित्य व कुशल कामावर ४० टक्के असे प्रमाण बांधले गेले, आणि कंत्राटदाराला या कामांपासून दूर ठेवले गेले. शेल्फ रिकामे असेल तर हमी कागदावर राहते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

प्रश्न : माझी आई १९७३ च्या उन्हाळ्यात पाझर तलावाच्या कामावर होती आणि पुढेही काही वर्षे ‘हमीच्या’ कामावर जात असे. पागे हे नाव तिने कधी ऐकले नव्हते. अशा बायकांच्या दृष्टीने या माणसाचे मोठेपण नेमके कशात होते? (एक वाचक भगिनी, जि. सोलापूर)

उत्तर : आपल्या आईने नाव ऐकले नाही यात वावगे काही नाही. माझ्या आत्यानेही ते ऐकले नव्हते. ती माण तालुक्यातली. १९७३ च्या दुष्काळी कामावर ती होती आणि नंतरच्या हमीच्या कामावरही. दोन्हींतला फरक तिने मला एकदा सांगितला होता, तो असा की पहिल्या कामावर ‘निघालंय’ म्हणून गेलो आणि दुसऱ्यावर ‘मागितलंय’ म्हणून गेलो. योजनेच्या कोणत्याही माहितीपत्रकात मला याहून नेमके काही सापडलेले नाही.

तिच्याकडूनच मी चौकडीचे, म्हणजे मापून खोदायच्या खड्ड्याचे, गणित शिकलो. जोडीने काम करायचे. एकाने टिकावाने मुरूम उकरायचा, दुसऱ्याने पाटीत भरून बांधावर नेऊन टाकायचा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा झाला की शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. खोदताना मध्येच मातीचा एक उभा खुंट तसाच राखून ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंचीला होती ते माप घेणाऱ्याला दिसते. तो खुंट रात्रीतून ढासळला तर भांडणाला सुरुवात. एका पंधरवड्यात कोणा कारकुनाने तिच्या जोडीचे माप कमी लिहिले होते. आत्या निरक्षर होती, पण खड्ड्यात उभी राहिली आणि पाणी आपल्या गुडघ्याच्या वर कुठवर येईल ते हाताने दाखवून माप पुन्हा घ्यायला लावले. ही हकिकत ती शेवटपर्यंत सांगायची, आणि दर वेळी खड्डा थोडा अधिक खोल होत जायचा.

या गोष्टीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. हमीच्या कामाची मजुरी दरपत्रकाप्रमाणे, झालेल्या कामाच्या मापावर ठरत असे. साधारण माणसाने सात तास नेटाने काम केले तर शेतमजुराच्या किमान वेतनाइतकी रक्कम त्याच्या हाती यावी, अशा बेताने ते दर बांधलेले होते. मातीचा ब्रास स्त्रीने उचलला की पुरुषाने, याची नोंद दरपत्रकात नव्हती. शेतावरच्या रोजंदारीत बाईचा रोज कमी आणि गड्याचा जास्त, ही रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गावांत बांधाच्या कामावर दर एक असणे ही मामुली गोष्ट नव्हती. त्यातून शेतमालकालाही आपला दर थोडा वर न्यावा लागे, नाहीतर बाया कामाला यायच्या नाहीत. मोठ्या बागायतदारांची या योजनेविषयीची नाराजी बरीचशी येथून आलेली आहे, असे माझे मत आहे.

शिवाय कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, अशी तरतूद होती. प्रत्यक्षात पाळणाघर म्हणजे बहुधा बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी आणि तिच्याजवळ बसवलेली एक म्हातारी. पण त्या म्हातारीलाही हजेरी मिळे. पागे यांच्या नावाने जी कल्पना ओळखली जाते तिच्यात म्हाताऱ्या, विधवा, टाकलेल्या बायका यांना स्वतःच्या नावाने काम मागता येत होते. घरच्या कर्त्या पुरुषाची सही त्यासाठी लागत नव्हती. आपल्या आईच्या अंगठ्याचा ठसा कुठल्यातरी हजेरीपटावर तिच्या स्वतःच्या नावासमोर उमटलेला असेल.

प्रश्न : मी ठाण्यात नोकरी करतो. माझ्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो. हा कर मुळात रोजगार हमी योजनेसाठी बसवला गेला, असे एका सहकाऱ्याने सांगितले. ते खरे आहे का? (एक नोकरदार वाचक)

उत्तर : खरे आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने लागू झाला आणि त्यामागचा हेतू रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा होता. त्याच्या जोडीला शेती, शहरी मिळकती, वाहने आणि विक्री यांवरील काही कर व उपकरही या कामाला लावले गेले. शिक्षण व रोजगार हमी उपकर हे नाव घरपट्टीच्या बिलावर आपण वाचले असेल. १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी निधी स्थापन झाला आणि अशा करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच रक्कम राज्याने स्वतःची घालावी असे ठरले.

आपल्या पगारपत्रकात अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये दिसत असतील, तर त्याचे कारण असे की घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि हिशेब तिथवर नेऊन बरोबर थांबवलेला आहे. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले, म्हणून हिशेब विभागाशी वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत.

पागे यांच्या कल्पनेतला हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हक्क देणारे कायदे पुष्कळ होतात, पण त्या हक्काचे पैसे कोणाच्या खिशातून येणार हे त्याच वेळी ठरवणारे थोडे. मुंबई-ठाण्याच्या पगारदाराने दरमहा दिलेल्या पैशातून माण-खटाव, मंगळवेढा, आष्टी-पाटोदा या भागांत बांध घातले जात होते. देणाऱ्याला घेणारा माहीत नव्हता आणि घेणाऱ्याला देणारा.

प्रश्न : गौरव करताना दुसरी बाजूही सांगावी. खोटी हजेरी, अर्धवट पडलेली कामे, पुढाऱ्यांच्या शेताजवळच निघालेले तलाव हेही रोहयोच आहे ना? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : आहे. मृत माणसाचा आदर करायचा म्हणजे त्याच्या कामाची मोजणी टाळायची, असे मी मानत नाही.

हजेरीपटावर गावात नसलेल्या माणसांची, क्वचित हयात नसलेल्यांचीही, नावे चढली. पाझर तलाव झाले, पण त्यांच्या खालच्या बाजूला ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनाच पाण्याचा फायदा झाला, आणि ज्यांनी तलावाची माती वाहिली त्यांच्याकडे बहुधा विहीरच नव्हती. पुढे, १९९० पासून, योजनेशी फळबाग लागवडीची जोड देण्यात आली. तिने मराठवाड्यात आणि कोकणात पुष्कळ हिरवळ आणली, परंतु तिचा लाभ घ्यायलाही आधी जमीन लागत होती.

बेकारी भत्त्याची गोष्ट अधिक बोचरी आहे. कायद्याच्या सुरुवातीच्या काळात हा भत्ता दिवसाला एक रुपया इतका नाममात्र होता, आणि तोही फार थोड्यांच्या हाती पडला. भत्ता द्यावा लागू नये याचा सोपा मार्ग अर्जाची पोचच न देणे हा होता. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायचे कोठून? शिवाय नवे काम सुरू करायला निदान पन्नास मजूर हवेत अशी अट होती. वाडी-वस्तीवरच्या दहा-बारा घरांना ती कधी पुरी करता येत नसे.

येथे मी पागे यांच्या कल्पनेतला उणेपणा मानतो. मागणी हा योजनेचा पाया, हे ठरवताना जो सर्वांत गरजू आहे तोच मागायला सर्वांत जास्त कचरतो, याची पुरती तजवीज झाली नाही. जेथे शेतमजुरांची संघटना होती, जेथे कोणी कार्यकर्ता अर्ज भरून देत होता, तेथे योजना चालली, आणि जेथे असा माणूस नव्हता तेथे ती तहसील कचेरीच्या मर्जीवर राहिली. विधिमंडळाने दोन्ही सभागृहांची रोजगार हमी योजना समिती नेमून देखरेखीची सोय केली आणि या समितीने जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरून कामे पाहिली, हे खरे. पण समिती येणार म्हटले की बांधावर चुना मारला जातो, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे.

एवढे सगळे मान्य करूनही, चोरी झाली म्हणून वही ठेवण्याची पद्धतच वाईट ठरत नाही. वही होती म्हणून चोरी पकडता आली. त्याआधीच्या दुष्काळी कामांत मजुराला विचारायला जागाच नव्हती.

प्रश्न : केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा हा महाराष्ट्राच्या कायद्याचीच प्रत आहे का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : प्रत नाही, पण ऋण उघड आहे. मागणीवर काम, पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, कंत्राटदारांना मज्जाव हे सारे महाराष्ट्रात आधी अनुभवलेले होते. मुख्य फरक स्पर्धा परीक्षेसाठी लक्षात ठेवा. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली, तर महाराष्ट्राची हमी व्यक्तीला होती आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती. म्हणूनच केंद्राची योजना २००६ साली सुरू झाल्यावर १०० दिवसांपुढील कामाचा खर्च राज्याने आपल्याकडे ठेवला. केंद्राच्या योजनेचा प्रारंभ २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात झाला. विसापूरच्या प्रयोगाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती आणि पागे यांना जाऊन जवळजवळ सोळा.

स्मारकाविषयी, पहिल्या पत्राचे राहिलेले उत्तर : मुंबईत विधिमंडळाने आपल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव दिले आहे आणि दीर्घकाळ सभापती राहिलेल्या माणसासाठी ते उचित आहे. गावाने मात्र सभापतीचे नव्हे, विसापूरच्या पागे यांचे स्मारक करावे.

कमानीचा नाद सोडा. आपल्याकडे वेशीवर कमान झाली की तिच्यावरच्या मोठ्या अक्षरांत दिवंगताचे आणि त्याहून मोठ्या अक्षरांत निधी देणाऱ्याचे नाव येते, आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही पुसट होतात. पुतळ्याला माझा विरोध नाही, परंतु त्याच्यावर होणारा खर्च पाहता तो शेवटी ठेवावा.

त्याऐवजी आपल्या आठवीच्या वर्गाला एक काम द्या. गावाच्या शिवारात १९७४ नंतर हमीवर झालेली कामे कोणती, याची यादी ग्रामपंचायतीच्या आणि पंचायत समितीच्या जुन्या दप्तरांतून काढायला लावा. नालाबांध, समपातळी बांध, पाझर तलाव, गावरस्ते असे काय काय निघते ते पाहा. दप्तर सापडले नाही तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिवारात चला. कोणत्या बांधावर आपण पाटी वाहिली हे त्यांना बिनचूक आठवते. मुलांनी प्रत्येक कामाची जागा गावनकाशावर लावावी, आज त्यात पाणी थांबते की नाही ते लिहावे, आणि जे मजूर हयात आहेत त्यांच्या संमतीने त्यांची नावे त्या कामासमोर घालावीत. असा नकाशा चावडीत किंवा शाळेत लावला तर त्याच्या वरच्या कोपऱ्यात पागे यांचे छायाचित्र शोभून दिसेल. मूळच्या विसापूर परिसरातील जुनी कामे पाहण्यासाठी वर्गाची एक सहल काढता आली तर फारच चांगले. आपल्याला ती दूर नाही.

दुसरी सूचना ग्रामसभेसाठी. त्या दिवशी व्याख्यात्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये आणि उरलेल्या वेळात एक टेबल मांडून, ज्यांना काम हवे आहे त्यांचे मागणीअर्ज तेथेच भरून घ्यावेत. ‘नमुना चार’ म्हणून हा अर्ज गावोगाव ओळखला जातो. भरायला मुले मदत करतील, आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला पोच फाडून देण्याच्या जागेजवळ बसवा. तारीख आणि सही आहे की नाही, हे तिने पाहावे.

राहिला प्रश्न दिवसाचा. आपल्या ग्रामपंचायतीने जयंतीचा विचार केला आहे, पण २१ जुलैला पेरण्या उरकून भांगलण चालू असते, मजूर शेतात असतात, आणि सभेला येतील ते फक्त पुढारी आणि विद्यार्थी. पागे यांचे निधन १६ मार्च १९९० रोजी झाले. मार्चमध्ये आपल्या भागात द्राक्षतोड आणि बेदाण्याच्या शेडवर काम असते, हे मला ठाऊक आहे, परंतु ते सगळ्यांना पुरत नाही, आणि ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठीच तर हा कार्यक्रम आहे. म्हणून पुण्यतिथी धरावी. ग्रामसेवक त्या दिवशी पोचपावतीच्या पुस्तकासह गावात असतील, एवढे मात्र आठवडाभर आधी पाहून ठेवा.